नमस्काराची किंमत

स्पॅनिश भाषा आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० देशांच्या कारभारात तिला अधिकृत स्थान आहे. या भाषेचे वर्ग पुण्या-मुंबईत चालतात. परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत तिच्या जाणकारांना चार पैसे अधिक मिळतात, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना एव्हाना ठाऊक झाले आहे. नव्या भाषेचा पहिला धडा अभिवादनाचा असावा हे योग्यच आहे. ‘ओला’ म्हणजे नमस्कार, ‘बुएनोस दियास’ म्हणजे सुप्रभात, ‘कोमो एस्ता’ म्हणजे कसे आहात, ‘आदिओस’ म्हणजे निरोप. एका पानावर मावणारी ही यादी तासाभरात पाठ होते. परंतु ही यादी पाठ करून जो माद्रिदला, बोगोताला किंवा ब्यूनस आयर्सला उतरेल, त्याची पहिल्याच दिवशी पंचाईत होईल. याचे कारण असे की, अभिवादनाचे शब्द कोणते, हा खरा प्रश्नच नव्हे. कोणी कोणाला काय म्हणायचे आणि समोरच्याने उलट काय म्हणायचे, हा खरा प्रश्न आहे. तो भाषेच्या तासापेक्षा समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या तासाला अधिक शोभणारा आहे.

आधी वेळेचीच गोष्ट घ्यावी. ‘बुएनोस दियास’ हा प्रयोग अनेकवचनी आहे. शब्दशः अर्थ ‘चांगले दिवस’. देव तुम्हांला चांगले दिवस देवो, अशा जुन्या आशीर्वचनाचा हा उरलेला तुकडा होय. दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’ म्हणायचे आणि रात्री ‘बुएनास नोचेस’. हा शेवटचा शब्द भेटताना चालतो, तसा निरोप घेतानाही चालतो. पण दुपार लागते केव्हा? घड्याळात बाराचे ठोके पडले म्हणून स्पेनमधील सामान्य माणसाची सकाळ संपत नाही. ती संपते दुपारच्या जेवणाने, आणि तेथे दुपारचे जेवण दोन-तीन वाजता होते. त्यामुळे दीड वाजता दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाने ‘बुएनोस दियास’ म्हटले तर कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. स्पॅनिश माणूस स्वभावतःच सुस्त, म्हणून त्याचे सारे उशिरा, असे सांगण्याची युरोपात जुनी रीत आहे. ती आळशी माणसांनी केलेली मीमांसा आहे. भूगोलाने पाहिले तर स्पेन ब्रिटनच्याच रेखांशावर येतो. मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीने देशातील घड्याळे एक तास पुढे सरकवली आणि ती पुन्हा मागे घेतली गेली नाहीत. परिणामी माद्रिदमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो हिवाळ्यात सव्वाच्या सुमारास, तर उन्हाळ्यात सव्वादोनच्या सुमारास. पश्चिमेकडील गालिसियात त्याला याहूनही वीस मिनिटे उशीर होतो. म्हणजे दीड वाजता ‘बुएनोस दियास’ म्हणणारा माणूस घड्याळाचे न ऐकता सूर्याचे ऐकतो, एवढेच. हुकूमशहाला घड्याळ बदलता आले, लोकांच्या तोंडचा नमस्कार मात्र बदलता आला नाही.

नमस्कारच बदलण्याचाही प्रयत्न त्या राजवटीने केला होता. यादवी युद्ध चालू असताना, १९३७ साली, हात उंचावून करावयाचा सलाम ‘राष्ट्रीय अभिवादन’ म्हणून जाहीर झाला. १९४५ साली, युरोपातील असे सलाम करणारे मित्र धुळीस मिळाल्यावर, तो गुपचूप मागे घेण्यात आला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्पॅनिशमध्ये ‘तू’ हा शब्द आहे. तो मराठीतील ‘तू’च आहे. उच्चार तोच, अर्थ तोच आणि मूळ कुळही तेच. संस्कृतातील ‘त्वम्’ आणि लॅटिनमधील ‘तू’ ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. आदरार्थी शब्द आहे ‘उस्तेद’. ‘कोमो एस्तास’ म्हणजे ‘तू कसा आहेस’ आणि ‘कोमो एस्ता उस्तेद’ म्हणजे ‘आपण कसे आहात’. मराठी विद्यार्थ्याला हा भेद क्षणात उमगावा. पण हे शिक्षण बहुधा इंग्रजीच्या द्वारे होते आणि इंग्रजीने ‘दाऊ’ हा आपला एकेरी शब्द केव्हाच अडगळीत टाकला आहे. म्हणून ज्याच्या घरात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत, त्याला एकच पायरी असलेल्या भाषेतून दोन पायऱ्यांची भाषा शिकविली जाते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे कळत नाही.

‘उस्तेद’चे व्याकरण चमत्कारिक आहे. समोरच्या माणसाशी बोलायचे, पण क्रियापद वापरायचे तृतीयपुरुषी, ‘तो’ किंवा ‘ती’चे. यामागे इतिहास आहे. ‘उस्तेद’ हे ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या पदवीचे झिजलेले रूप आहे. तिचा अर्थ ‘आपली कृपा’. म्हणजे ‘आपण कसे आहात’ असे न विचारता ‘आपली कृपा कशी आहे’ असे विचारायचे. हे परके वाटण्याचे कारण नाही. ‘स्वारी आज खुशीत दिसते’, ‘सरकारांचे जेवण झाले का’ असे म्हणणारा मराठी माणूस हेच करतो. प्रत्यक्ष माणसाकडे बोट दाखविण्याचे टाळतो आणि त्याच्या ऐश्वर्याशी बोलतो. पोर्तुगीजांनीही तीच पदवी झिजवून ‘व्होसे’ हा शब्द केला. १९६१ पर्यंत ज्या गोव्यात पोर्तुगीज राज्य होते, तेथील जुन्या घरांना तो अपरिचित नसावा.

पण ही पदवी मुळात लागली कशासाठी? येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा प्रकार दिसतो. तो म्हणजे चलनवाढ. मध्ययुगात ‘वोस’ हा आदराचा शब्द होता आणि सरदार तो राजालाही लावीत. पुढे तो शब्द सर्वांच्या तोंडी झाला. जो तो ज्याला त्याला ‘वोस’ म्हणू लागला, तेव्हा त्याची किंमत उतरली. सोळाव्या शतकात तर प्रतिष्ठित माणसाला ‘वोस’ म्हणणे म्हणजे त्याचा पाणउतारा करणे झाले. मग ‘वुएस्त्रा मेर्सेद’ ही मोठी नोट छापावी लागली. काही दशकांत तीही खुर्दा झाली. सरकारने या चलनवाढीवर निर्बंध घालण्याचाही प्रयत्न केला. दुसऱ्या फिलिपने १५८६ साली फर्मान काढून कोणाला कोणती पदवी लावावी हे ठरवून दिले, मोडणाऱ्यास दंड ठेवला आणि स्वतःला पत्रारंभी केवळ ‘सेन्योर’ म्हणावे असे सांगितले. ज्या राज्यात अमेरिकेतून चांदी येत असूनही खजिन्याची दिवाळखोरी पुनःपुन्हा जाहीर होत होती, त्या राज्याने पदव्यांच्या भावावर नियंत्रण ठेवू पाहावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या वेडाचे सर्वांत मार्मिक चित्र एका निनावी लेखकाने काढून ठेवले आहे. १५५४ साली ‘लासारियो दे तोर्मेस’ ही छोटी कादंबरी छापली गेली आणि पाचच वर्षांत धर्मपीठाने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली. तीत लासारो हा अनाथ पोरगा निरनिराळ्या धन्यांची चाकरी करतो. त्याचा तिसरा धनी खानदानी आहे. कमरेला तलवार, अंगावर झगा आणि घरात अन्नाचा कण नाही. पोराने भीक मागून आणलेल्या पावावर हा धनी जगतो आणि जेवल्याचे जगाला दिसावे म्हणून दारात उभा राहून दात कोरतो. त्याने आपले गाव का सोडले? शेजारच्या एका बड्या सरदाराला आपण नेहमी आधी टोपी काढून मुजरा करायचा आणि त्याने एकदाही आधी काढू नये, हे त्याला सहन झाले नाही. एका कारागिराने त्याला ‘देव आपणांस सुखी ठेवो’ अशा अर्थाचे अभिवादन केले, तेव्हा तो त्याच्या अंगावर धावून गेला होता. त्याच्या मते हा नमस्कार हलक्या लोकांचा, त्याच्यासारख्यांच्या हाताचे चुंबन घेण्याची भाषा केली पाहिजे. त्याची मालमत्ता म्हणजे वायादोलिद शहरातील काही घरे. ती उभी असती तर त्यांना मोठी किंमत आली असती, असे तो सांगतो. पण ती उभी नाहीत. हाताला काम लावणे अप्रतिष्ठेचे आणि नमस्कार चुकणे प्राणांतिक! सोळाव्या शतकातील स्पेन का खचला, याची कारणे आकडेवारीतून शोधणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

स्पेनने ‘वोस’ टाकून दिला, तेव्हा मेक्सिको आणि लिमा येथील राजप्रतिनिधींच्या दरबारांनीही तो टाकला. दरबारापासून दूर पडलेल्या मुलखांत तो टिकला, विशेषतः आर्जेंटिनाच्या परिसरात आणि मध्य अमेरिकेत. तेथे ‘वोस’ हा जिव्हाळ्याचा एकेरी शब्द आहे. कित्येक पिढ्या आर्जेंटिनातील मुले घरी ‘वोस’ म्हणत आणि शाळेच्या पुस्तकात ‘तू’ वाचत. तेथील साहित्य अकादमीने ‘वोस’ला मान्यता दिली ती १९८२ साली. उलट कोलंबियात बोगोताच्या आसपास नवरा-बायकोही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना आढळतात आणि बोयाका प्रांतात ‘सु मेर्सेद’चे ‘सुमेर्से’ होऊन तो शब्द आईच्या, बाजारातल्या भाजीवालीच्या तोंडी मायेने येतो. तेव्हा अमुक शब्द आदराचा आणि अमुक अनादराचा असे कोष्टक करणे व्यर्थ आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली यासंबंधी एक कसोटी सांगितली. ती अजूनही उपयोगी पडते. शब्द दोन्हीकडून सारखा जातो की नाही, ते पाहावे. दोघेही एकमेकांना एकेरी म्हणत असतील, तर ते सख्य. दोघेही अनेकवचनी, तर ते अंतर, पण समान अंतर. एकाने एकेरी म्हणायचे आणि दुसऱ्याने आदरार्थी, तर ती सत्ता.

ही कसोटी लावली की अँडीज पर्वतातील जमीनदारीचा इतिहास उलगडू लागतो. बोलिव्हियात जमीनदाराच्या वाड्यावर कुळांनी पाळीपाळीने फुकट राबण्याची वेठ होती आणि अशा वेठकऱ्याला ‘पोंगो’ म्हणत. जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात श्रम देण्याची ‘वासिपुंगो’ ही पद्धत इक्वेडोरमध्ये होती. मालकाने पांढऱ्या केसांच्या मजुरालाही एकेरी हाक मारायची किंवा ‘बाळा’ म्हणायचे. मजुराने मालकाला ‘पात्रोन’, ‘आमो’ म्हणायचे. इक्वेडोरात मालकाच्या घरच्या माणसाला, तो चांगला मिशाळ गृहस्थ असला तरी, ‘निन्यो’ म्हणायचे. ‘निन्यो’ म्हणजे मूल. आपल्याकडे साठ वर्षांच्या जमीनदाराला ‘बाळासाहेब’ म्हणणाऱ्या कुळाची आठवण येथे झाल्यास नवल नाही. हे शब्द कोणत्याही शिष्टाचारमालेने बदलले नाहीत. बोलिव्हियात १९५२ ची क्रांती झाली, १९५३ मध्ये जमीनसुधारणा आली, वेठ गेली आणि सरकारी भाषेत ‘इंडियन’ऐवजी ‘काम्पेसिनो’, म्हणजे शेतकरी, हा शब्द रूढ झाला. इक्वेडोरने वासिपुंगो रद्द केली १९६४ साली. पेरूमध्ये १९६९ साली जमीनसुधारणेचा कायदा जाहीर करताना २४ जूनच्या ‘इंडियन दिना’चे नाव ‘शेतकरी दिन’ असे करण्यात आले. जमीन आधी हलली, मग शब्द हलला, आणि तोही पूर्णपणे नव्हे. मेक्सिकोत अजूनही कोणी हाक मारली किंवा नीट ऐकू आले नाही, तर ‘काय?’ असे न म्हणता ‘मांदे’ म्हणण्याची शिकवण घरोघरी मुलांना मिळते. ‘मांदे’ म्हणजे ‘आज्ञा करावी’. हा वसाहतकालीन गुलामीचा अवशेष की नुसता विनय, यावर तेथे वाद झडतात. दोन्ही बाजूंनी बोलणारे ‘मांदे’ म्हणतच मोठे झालेले असतात.

शब्द आधी बदलून पाहण्याचा प्रयोगही एकदा झाला. जॉर्ज ऑर्वेल, ज्याचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा, डिसेंबर १९३६ मध्ये बार्सिलोनात पोचला. शहर कामगार संघटनांच्या ताब्यात होते. आपल्या १९३८ सालच्या पुस्तकात तो सांगतो की, कोणी ‘सेन्योर’ म्हणत नव्हते, ‘दोन’ म्हणत नव्हते, ‘उस्तेद’सुद्धा नाही. सर्वजण एकमेकांना ‘तू’ आणि ‘कॉम्रेड’ म्हणत, ‘बुएनोस दियास’च्या जागी ‘सालुद’ आला होता. लिफ्ट चालविणाऱ्या पोराला बक्षिशी देऊ लागल्याबद्दल खुद्द ऑर्वेलला हॉटेलच्या व्यवस्थापकाचे व्याख्यान ऐकावे लागले. वेटर ग्राहकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. एप्रिल १९३७ च्या अखेरीस आघाडीवरून रजेवर परतलेल्या ऑर्वेलला दुसरेच शहर दिसले. ‘सेन्योर’ आणि ‘उस्तेद’ परत येत होते, ‘सालुद’ मागे पडून ‘बुएनोस दियास’ पुन्हा ऐकू येऊ लागले होते, दुकानदार वाकून हात चोळीत होते आणि बक्षिशीही चोरपावलांनी परतली होती. मधल्या चार महिन्यांत कोणी व्याकरण बदलले नव्हते. पावासाठी रांगा लागत होत्या, त्याच वेळी महागडी उपाहारगृहे भरलेली होती, आणि सत्ता कामगारांच्या हातून निसटत होती. नमस्कार त्या सत्तेच्या मागोमाग गेला.

या प्रसंगावरून ‘शब्दांत काय आहे’ असा निष्कर्ष काढणारे बरेच आढळतात. तो घाईचा आहे. त्या चार महिन्यांतील वेटरला वर मान करून बोलता आले होते आणि ती गोष्ट त्याच्या दृष्टीने खोटी नव्हती. दुसऱ्या टोकाला, आदरार्थी शब्द म्हणजेच संस्कृती, तो गेला की सारे बुडाले, असे मानणारेही आहेत. स्पेनमध्ये १९७५ साली फ्रँकोच्या मृत्यूनंतर ‘तू’चा वापर वेगाने पसरला. विद्यार्थी प्राध्यापकांना आणि दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकांना ‘तू’ म्हणू लागले. २००५ साली सरकारने सदाचारसंहिता काढून मंत्र्यांच्या ‘एक्सेलेन्तिसिमो’सारख्या पदव्यांना रजा दिली आणि केवळ ‘सेन्योर’ किंवा ‘सेन्योरा’ पुरे, असे ठरविले. यामुळे स्पेनमधील लोकशाही खालावली असे म्हणायला काहीही आधार नाही. मात्र इस्पितळात ऐंशी वर्षांच्या आजोबांना तरुण परिचारकाने ‘तू’ म्हणून उठविले, तर ते त्यांना खुपते. तक्रार रास्त आहे, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस बरोबरीने उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो. सर्वांना एकेरी म्हणण्याने बरोबरी येत नाही. बरोबरी असेल तरच एकेरी शब्द सख्याचा वाटतो.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया आणि कोलंबिया या देशांतील लक्षावधी माणसे स्पेनमध्ये येऊन राहिली. त्यांतील असंख्य स्त्रिया माद्रिद-बार्सिलोनातील घरांत स्वयंपाक करतात, म्हातारी माणसे सांभाळतात. त्या मालकिणीची भाषा बोलतात, म्हणून त्यांना कामे लवकर मिळतात. पण भाषा एक असली तरी नमस्कार एक नाही. अँडीजकडील स्त्रीच्या तोंडी ‘उस्तेद’ येतो, माद्रिदच्या घराच्या तोंडी ‘तू’. मालकिणीच्या मनात कदाचित मोकळेपणाच असतो, पण कसोटी लावून पाहिली तर शब्द एका बाजूने एक जातो आणि दुसऱ्या बाजूने दुसराच येतो. आणि बरीच वर्षे पगारपत्रकही हेच सांगत होते, कारण इतर कामगारांना मिळणारा बेकारीभत्ता घरकाम करणाऱ्यांना नव्हता. तो सप्टेंबर २०२२ च्या हुकुमाने लागू झाला. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १८९ क्रमांकाचा करार स्पेनने २०२३ साली स्वीकारला.

हा करार २०११ साली जिनिव्हात संमत झाला, तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले होते. स्वीकृतीची सही मात्र झालेली नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. मंडळाच्या नोंदणी अर्जावर नाव, वय, पत्ता लिहावा लागतो. ज्या घरी धुणीभांडी होतात, त्या घरातील दहा वर्षांचा मुलगा साठीच्या बाईंना ‘तू’ म्हणतो आणि त्या त्याला ‘दादा’ म्हणतात. त्याच मुलाला उद्या स्पॅनिशच्या वर्गात घातले, तर अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’ म्हणावे हे तो पहिल्या तासाला शिकेल आणि परीक्षेत पूर्ण गुणही मिळवील.